भुतांकडून शिकलेलं जपान

आधी हातातला कप खाली ठेवा बघू! मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाला असा ठसका लागला, की आमच्या नव्या सोफ्यावर चहाचा नकाशा उमटला. अनघा, म्हणजे माझी बायको, येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून तो डाग दाखवते आणि कुणामुळे पडला तेही सांगते.

तर मला एक वेड आहे. जुने जपानी भुताचे सिनेमे! हल्लीचे गुळगुळीत नव्हेत हां. ते जुने, स्वस्तातले, भडक रंगांचे, नुसतं पोस्टर बघून आईने कान धरावा असे. रक्त म्हणजे निव्वळ टोमॅटो सॉस, आणि तोही बादलीने! नवरा सामुराई, पण पक्का नालायक. बायकोला विष घालतो, दलदलीत ढकलतो आणि दुसरीच्या घरी दारू ढोसत बसतो. आणि मग ती येते! केस मोकळे, एक डोळा सुजलेला, अंगात पांढरा किमोनो. त्यानंतर ती त्याचा असा सूड उगवते की काय विचारता! आपली हडळ बिचारी नारळावर मानते. ह्या बायका मांजर होऊन दिव्यातलं तेल चाटतात हो!

आम्ही राहतो कतारला, दोह्यात. तिथे उन्हाळ्यात घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. त्यामुळे माझे सगळे शुक्रवार ह्याच बायकांच्या सहवासात गेले, आणि आपल्याला जपान कोळून प्यायल्यासारखं माहीत आहे, असा माझा ठाम समज झाला.

इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या ऑफिसात मोरिता-सान नावाचे जपानी साहेब होते. वय साठीचं, आवाज इतका हळू की ऐकायला एसी बंद करावा लागे. मायदेशी परतताना ते आमच्यातल्या एकाला वर्षभराच्या ट्रेनिंगला योकोहामाला नेणार होते. चुरस दोघांत. एक मी, दुसरा केरळचा जोजी. जोजी कामाला वाघ, पण जपान नकाशात दाखव म्हटलं तर त्याने बोट श्रीलंकेवर ठेवलं असतं.

आणि मला जपानला जायचंच होतं! ज्या थेटरांत हे सिनेमे लागायचे, त्यांच्या दारात एकदा तरी उभं राहायचं होतं. हसू नका, देवळापुढे उभं राहावं तसं!

मोरिता-सान अबू हमूरला एका कंपाउंडमध्ये राहायचे. तिथल्या क्लबहाउसमध्ये त्यांच्या निरोपाचं जेवण ठरलं. तिथेच नाव जाहीर होणार होतं. मी म्हटलं, यल्ला, चला, हीच वेळ आहे!

थोब, म्हणजे अरबांचे पायघोळ झगे, शिवणाऱ्या शिंप्याकडून पांढराशुभ्र किमोनो शिवून घेतला. आता कुठली बाजू वर घ्यायची? सिनेमा थांबवून थांबवून बघितलं. उजवी वर! कपाळावर एक पांढरं तिकोनी फडकं असतं, ते मात्र मुद्दाम टाळलं. ते भुतांचं असतं, एवढं कळतं मला!

"अरे, कुणाला तरी विचार ना एकदा," अनघा म्हणाली.

"कुणाला विचारू? अख्ख्या दोह्यात माझ्याइतकं जपान कुणाला कळतं?"

"बाबा, प्लीज डोंट," असं म्हणून मुलगी खोलीत गेली आणि दार लावून बसली.

मी क्लबहाउसमध्ये शिरलो. हातात पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ. आणि काय सांगू, सगळा हॉल चिडीचूप! दोन तरुण जपानी इंजिनिअर ताडकन उठले आणि कमरेत वाकले. मी त्यांच्याहून खाली वाकलो. बघा, मनात म्हटलं, संस्कृतीची जाण असली की मान आपोआप मिळतो! जोजी कोपऱ्यात पँट-शर्टात उभा होता, हातात केळ्याच्या वेफर्सचं पाकीट. मला त्याची दयाच आली.

मग मी वाटीत भाताची सुरेख मूद घातली, तिच्यात दोन चॉपस्टिक्स सरळ उभ्या खोचल्या आणि वाटी मोरिता-सानपुढे अदबीने ठेवली. सिनेमात देव्हाऱ्यापुढे नेहमी असाच भात असतो. मानाचा नैवेद्य, दुसरं काय!

मोरिता-साननी भाताकडे पाहिलं. मग माझ्या छातीवरच्या घडीकडे. मग मला हाताला धरून शेजारी बसवलं. आमचं बोलणं झालं इंग्रजीत, तुम्हाला मराठीत सांगतो.

"दिघे-सान, घरी कल्पना आहे?"

घरी! म्हणजे माझंच नाव पक्कं!

"हो सर. बायकोच्या मनाची तयारी झालीय."

"आणि मुलगी?"

"तिला नवा फोन घेऊन दिला की खलास! विसरेल मला."

त्यांचे डोळे भरून आले. "तुम्हाला... भीती नाही वाटत?"

"भीती कसली सर? मी तर दिवस मोजतोय! उद्या म्हणालात तर उद्या!"

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. शेजारचा इंजिनिअर टिश्यूने नाक पुसायला लागला. किती हळवे लोक असतात हे, मला अगदी भरून आलं.

त्या भरातच मी कळस केला. अनघाने दिलेली कोथिंबीर वडी चॉपस्टिक्समध्ये धरली आणि थेट त्यांच्या चॉपस्टिक्समध्ये द्यायला गेलो. हेही सिनेमातच पाहिलेलं. सगळी मंडळी गंभीर चेहऱ्याने काड्यांनी एकमेकांना काहीतरी पांढरं देत असतात. मला वाटायचं, मुळा असेल.

मोरिता-सानच्या हातातून काड्या खाली पडल्या.

"दिघे-सान, हे सगळं कुठे शिकलात?"

"सिनेमात सर!" मी छाती फुगवून म्हटलं. "विहिरीतली बाई, दलदलीतली बाई, मांजरीण, सगळे पाठ आहेत!"

त्यांनी आधी भातातल्या काड्या उपटून बाजूला ठेवल्या. मग एकेक करून समजावायला लागले. पांढरा किमोनो, उजवी बाजू वर, हा त्यांच्याकडे मयताला घालतात. जिवंत माणूस डावी वर घेतो. उभ्या काड्यांचा भात मेलेल्याच्या उशाशी ठेवतात. पांढरी शेवंती अंत्ययात्रेची. आणि तो मुळा? दहन झाल्यावर नातेवाईक काड्यांनी अस्थी वेचतात हो!

म्हणजे मी साहेबांच्या निरोपसमारंभाला स्वतःचं प्रेत होऊन गेलो होतो, त्यांच्यापुढे पिंड ठेवला होता आणि वर त्यांना खमंग अस्थी वाढत होतो! त्यांना वाटलं, मला काहीतरी असाध्य रोग झालाय आणि मी धीराने सगळ्यांचा निरोप घ्यायला आलोय. सिनेमाभर जिच्या किमोनोची घडी मी डोळे फाडून बघत होतो ती बाई मेलेली असते, हे मला एकदाही सुचू नये?

नाक पुसणारा इंजिनिअर आधी फुटला. मग सगळा हॉल! हळू आवाजाचे मोरिता-सान टेबल बडवून हसत होते. फक्त जोजी घाबरून माझ्याजवळ आला. "सर, म्हणजे तुम्ही मरणार नाही ना?"

"नाही रे बाबा!" मी म्हटलं, आणि निर्लज्जासारखा मोरिता-सानकडे वळलो. "मग सर, ट्रेनिंगला कोण?"

"जोजी-सान," ते डोळे पुसत म्हणाले.

"पण सर, त्याला जपानमधलं ओ की ठो माहीत नाही!"

"हो ना," मोरिता-सान म्हणाले. "किती बरं आहे ते!"

जोजी गेला. मी घरी आलो, किमोनो बोळा करून कपाटात कोंबला. सलग दोन शुक्रवार टीव्हीसुद्धा लावला नाही, एवढं लागलं मनाला.

आणि परवा जोजीने योकोहामाहून एक फोटो पाठवला. बाहेरून आलेल्यांना पहिल्या दिवशी तिथले रीतिरिवाज शिकवतात, त्या वर्गाचा. समोरच्या भिंतीवर, चांगल्या काळ्या फ्रेममध्ये, मी! त्या संध्याकाळी हसून झाल्यावर मोरिता-साननी काढलेला. पांढरा किमोनो, उजवी बाजू वर, आणि खाली जपानीत आणि इंग्रजीत लिहिलेलं, 'असं करू नये.'

मी फोन अनघापुढे धरला. तिने फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला.

"चला," ती म्हणाली, "पोचलास एकदाचा जपानला. जोजीकडे चंदनाचा हार पाठवू का?"