पडद्याची पाठ

मी चित्रं बघायला लागलो ते उबेसाठी. इंग्लंडच्या उत्तरेला, कापडगिरण्यांच्या एका शहरात मी वस्त्रशास्त्र शिकायला गेलो होतो. डिसेंबरात माझ्या खोलीत श्वासाची वाफ दिसायची. रविवारी वाचनालय बंद. उघडं असायचं ते कलासंग्रहालय. आत जायला पैसे पडत नसत आणि भिंतीलगत गरम पाण्याचे जाड नळ. मी नळाजवळचा बाक धरून ओले मोजे सुकवायचो. समोर चित्र असायचंच, मग बघणार नाही तर काय करणार? बर्फात उभी असलेली एक गाय मी इतके रविवार बघितली, की तिची आठवण घरच्या गुरांसारखी येते.

हळूहळू बाक सोडून दुसऱ्या दालनांत जायला लागलो. एका दालनात भिंतभर विणलेला पडदा होता. शिकारीचं दृश्य, कुत्री, झाडं, सगळं लोकरीच्या धाग्यांत. मी शहापूरच्या विणकराचा मुलगा. आमच्या गल्लीत साडी हातात आली, की माणूस आधी पदर उलटा करून तिची पाठ बघतो. धागे कुठं तुटले, कुठं जोडले, ते तिथंच कळतं. विचार न करता मी पुढं झालो आणि पडद्याचा खालचा कोपरा उचलला.

"हात काढा!"

दालन घुमलं. लोक वळून बघायला लागले. म्हातारा पहारेकरी जवळ आला, पण जवळ येता येता त्याचा आवाज उतरला.

"तुमच्या घरी माग आहे का? माझी आई गिरणीत विणायची. दुकानात गेली की तीसुद्धा कापड असंच उलटायची."

हो म्हणायला एवढं कारण पुरेसं होतं. पण माझ्या मागं वर्गातली दोन मुलं उभी होती. मी म्हणालो, "छे, माझे वडील शाळेत मास्तर आहेत."

"मग लांब उभे राहा," तो म्हणाला, आणि आपल्या खुर्चीकडं गेला. त्या दालनात मी परत पाऊल टाकलं नाही. गायीकडंही पूर्वीसारखं बघता येईना.

शिक्षण संपवून घरी आलो. वडिलांना, आप्पांना, त्या पडद्याबद्दल सांगितलं, तेव्हा मागावर बसल्या बसल्या त्यांनी पहिला प्रश्न केला, "पाठ बघितलास काय रं?"

मी म्हणालो, "बघितली की. मी विणकराचा मुलगा म्हटल्यावर तिथल्या माणसानं स्वतः कोपरा उचलून दाखवला."

आप्पांनी हातातला धोटा खाली ठेवला. "ऐकलासा काय?" ते शेजाऱ्याला ओरडून म्हणाले, "सायबानं पडदा उचलून दावला माझ्या पोराला!" पुढं जन्मभर ते ही गोष्ट लग्नात, देवळाच्या कट्ट्यावर, कापड घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यालाही सांगत राहिले. प्रत्येक वेळी साहेब थोडा जास्त वाकायचा. मी ऐकत बसायचो. ते गेले तेव्हाही गोष्ट तशीच राहिली, आणि घरातल्या पोरांनी ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा मागून घेतली.

माझी नात आता त्याच शहरात शिकते. गेल्या डिसेंबरात तिचा फोन आला. "आज्जा, रविवारी मैत्रिणींना घेऊन तुझा पडदा बघायला चाललोय. तिथल्या लोकांना तुझी गोष्ट सांगणार आहे मी."

आप्पांना फसवलं ते फसवलं. आता हे पोरगं माझं खोटं तिथल्या दारात घेऊन जाणार होतं. दोन दिवस मी फोन उचलून खाली ठेवत होतो. शनिवारी सकाळी लावला आणि सगळं सांगितलं.

मग ती म्हणाली, "म्हणजे पणजोबांना मास्तर केलास तू?"

"व्हय."

"मी शाळेत निबंध लिहिला होता त्याच्यावर, आज्जा." आणि फोन ठेवला.

रविवारचं जेवण मला गेलं नाही. ती आता आपल्याशी पूर्वीसारखं बोलेल का, एवढाच विचार. संध्याकाळी फोन वाजला. फोनच्या पडद्यावर तिचं तोंड, डोक्यावर लोकरी टोपी, मागं ती शिकार.

"आज्जा, संग्रहालयातल्या बाईंना खरं तेच सांगितलं. लई हसल्या. हात लावायला आजपण बंदीच हाय. पण सफाईच्या वेळी त्यांनी पाठीचा फोटो काढून ठेवलाय. बघ."

तिनं फोन एका मोठ्या छायाचित्राकडं धरला. पुढून सगळी शिकार पिवळट, विटकी. मागं तीच झाडं गर्द हिरवी, आभाळ निळंभोर. उजेड न लागल्यामुळं रंग टिकले होते. लोंबते धागे, जागोजागी जोड. मी चष्मा पुसून परत बघितलं.

"दिसलं काय?"

"दिसलं. त्या कुत्र्याच्या कानापाशी धागा संपलाय बघ, तिथं दुसरा जोडलाय."

"थांब, बाईंना दाखवते." मग तिकडून काहीतरी बोलणं झालं. "आज्जा, त्या विचारतायत, तुला कसं कळलं?"

"सांग त्यांना, मी विणकराचा मुलगा आहे."

"तूच सांग. फोन त्यांच्याकडं केलाय."

मी इंग्रजीत सांगितलं, जरा मोठ्यानंच. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, एवढं ओरडून कुणाला सांगताय?"

"लांब हाय गं ते," मी म्हणालो. "ऐकू जायला नको?"