शांतवनकाकांची सतरंजी

शांतवनकाकांना गाता येत नसे, आणि ही गोष्ट एक ते सोडून दारव्ह्याच्या आमच्या चर्चच्या सगळ्या मंडळीला ठाऊक होती. पहिल्या ओळीपासून ते सगळ्यांच्या पुढे धावत, आणि आम्ही शेवटच्या कडव्याला पोचेपर्यंत आमेन म्हणून मोकळे होत. प्रार्थना लांबली की त्यांना डुलकी लागे. पाळकसाहेब त्यांच्याकडे बघून खाकरले की डोळे न उघडताच "हो प्रभू" म्हणत. पण हा माणूस नसता तर आमची बुधवारची घरसभा महिनाभरही चालली नसती. शपथ घ्यायची नसते, म्हणून नुसतंच सांगते.

घरसभा म्हणजे दर बुधवारी दिवेलागणीला पाळीपाळीने एकेका घरी भरणारी प्रार्थना. तीसेक माणसं, चार गाणी, एक वचन आणि शेवटी त्या घरचा चहा. काका जिनिंगमध्ये हमाल होते. बायको जाऊन दहा वर्षं झाली होती, मुलगा पुसदला असायचा. दिवसभर कापूस वाहायचा आणि बुधवारी त्याच खांद्यावर मंडळीची लाल-निळ्या पट्ट्यांची सतरंजी घेऊन निघायचं, हा त्यांचा नेम. आज कोणाकडे, असं कोणी विचारत नसे. सतरंजी निघाली की लोक तिच्यामागे निघत.

बसवायचं कामही काकांचंच. बाबारावांचे गुडघे वाकत नाहीत म्हणून ते भिंतीशी, लेकुरवाळ्या दाराजवळ, आणि भांडलेल्या जावा मुद्दाम शेजारी-शेजारी. मला ते थेट पाळकसाहेबांसमोर बसवत, कारण मी पडले मास्तरीण आणि पाळ्यांची वही माझ्याकडे.

त्या वहीनंच घोळ केला. खरं तर मीच केला, वहीला उगाच कशाला नाव ठेवू?

दोन हजार सहाचा हंगाम होता. कापसाची ती वर्षंच वाईट. जिनिंग आठवड्यातले चार दिवस बंद राही. मंडळीतली मथुराबाई गावाच्या कडेच्या वस्तीत एकटीच राहायची. तिच्या तीन एकरांत वेचायला माणूस लावावा एवढाही कापूस आला नव्हता. नोव्हेंबरात तिची पाळी होती. तीस माणसांचं दूध-साखर ही कुठून आणणार, असं माझ्या मनात आलं आणि मी तिच्या जागी बाबारावांचं नाव लिहून टाकलं. तिला विचारलं नाही, सांगितलंही नाही. उलट आपण केवढं चांगलं काम केलं म्हणून रात्री देवाचे आभार मानले.

मथुराबाई त्यानंतर चर्चला यायची थांबली. नाताळलाही आली नाही. थंडी असेल, असं म्हणून मी गप्प बसले.

जानेवारीत काका तिच्या घरी जाऊन आले आणि तिथून सरळ माझ्या शाळेत. त्यांनी सांगितलं ते असं. पाळी आपली आहे हे मथुराबाईच्या पक्कं लक्षात होतं. त्या बुधवारी तिनं अंगण सारवलं, शेजारच्या रहमतबीकडून पेले आणले आणि वाट बघत बसली. सतरंजी तिची गल्ली ओलांडून बाबारावांकडे गेली, ते तिनं दारातून पाहिलं.

"ते मले म्हणे," काका म्हणाले, "माह्या घरी कापूस नाई आला, म्हणून आता मंडळी बी येनार नाई काय?"

मला राग आला. आपली चूक कळली की मला आधी रागच येतो. तिच्या भल्यासाठीच केलं, असं मी चढ्या आवाजात ऐकवलं. वर हेही सांगितलं, की येता बुधवार माझ्या घरचा आहे आणि वही आता बदलणार नाही. काका "बरं" म्हणून निघून गेले.

बुधवारी मी चिवडा केला, कप मांडून ठेवले. सतरंजी माझ्या दारावरून पुढे गेली. मागे सगळी मंडळी, त्यात पाळकसाहेबही. पुटपुटत मीही पायांत चपला सरकवल्या.

मथुराबाई दाराची चौकट धरून उभी राहिली. काकांनी अंगणात सतरंजी अंथरली आणि सगळ्यांना पाणी तेवढं पाजा म्हणाले. पण तिच्या शेतात कपाशीच्या ओळींमध्ये पेरलेली तुरीची तासं तगली होती. तिनं मोठ्या पातेल्यात मीठ घालून शेंगा उकडल्या. गाणी त्या दिवशी कोणालाच धड म्हणता आली नाहीत, तोंडं भरलेली होती. माझ्यापुढेही तिनं ओंजळभर शेंगा ठेवल्या आणि लगेच पुढच्या माणसाकडे वळली.

शेवटी काका कमरेला हात लावून म्हणाले, "माही कंबर धरली. मथुराबाई, सतरंजी राहू द्या तुमच्याइथं. पुढच्या बुधवारी मास्तरीणबाईच्या घरी घेऊन येजा."

जन्मभर ओझी वाहिलेल्या माणसाची कंबर नेमकी तेव्हाच धरली. त्यांचा डाव माझ्या लक्षात आला. मी जिचं नाव खोडलं, तिनं माझ्याच घरी यायचं होतं.

पुढच्या बुधवारी माणसं माझ्या घरात उघड्या फरशीवर उभी होती. मी चादरी काढल्या, तर काकांनी त्या पुन्हा घडी करून ठेवल्या. "सतरंजी येऊन राह्यली," एवढंच म्हणाले. पाळकसाहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बाबाराव भिंतीला टेकून उभे, त्यांच्याकडे बघवेना. मी सारखी दाराशी खेपा घालत होते. शेवटी मी देवाला सरळ सांगितलं, चुकले मी, पण तिला येऊ दे.

ती आली. डोक्यावर सतरंजी, धुऊन वाळवलेली. तिनं ती अंथरली, काकांसारखीच कोपरे ओढून ओढून. मग बसली आणि माझ्याच घरात मला म्हणाली, "बसा बाई. वही आना. माही पाळी लिवा."

मी तिच्या देखत तिचं नाव लिहिलं, माझ्या नावाच्या वर. तिला वाचता येत नाही. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे मीच न?"

मी हो म्हटलं, आणि तीस माणसांसमोर मला रडू फुटलं. काका तोवर गाणं सुरू करून दुसऱ्या कडव्यावर पोचले होते.