शेवटची भाकरी

आमचं म्हातारं कुत्रं ओकायला लागलं आणि आळ आला माझ्या बाजरीच्या भाकरीवर. धाकटा तळवड्याला आयटीत. मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "आई, त्याचं धान्य बंद कर. कुत्र्यांना पचत नाही ते." आला मोठा शहाणा. त्याच भाकरीवर तो आणि कुत्रं, दोघं वाढले.

भांडायला भांडले, पण जिवाला चैन नव्हतं. भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं उठायचे, त्याचं पोट बघून यायचे. पोट टम्म फुगलेलं. परत तव्यापाशी, परत कुत्र्यापाशी. हे मेलं तर माझ्या हातच्या अन्नानं मेलं म्हणायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

शेवटी रिक्षात घालून निगडीला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "धान्य वाईट नाही, मावशी. कोंड्यात अँटिऑक्सिडंट असतात, म्हाताऱ्या शरीराला ते बरेच. पण मापात हवं, आणि पोटाला उसंत हवी. दिवसाला किती भाकरी खातो?"

"एकच," मी ठणकावून सांगितलं. "शेवटची भाकरी कुत्र्याची, ही आमच्याकडची रीत."

पोट चाचपत ते म्हणाले, "हे पोट एका भाकरीचं नाही."

मी भाकऱ्या दुरडीत झाकून मेसच्या कामाला जाते, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो वाढून घेतो. त्या दिवशी गेलेच नाही. स्वयंपाकघरात नुसती इकडची भांडी तिकडे करत राहिले. थोरला सेकंड शिफ्टला निघताना जेवला, ताटातली शेवटची भाकरी कुत्र्यापुढे. महाळुंग्याच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून हे आले, जेवले, भाकरी कुत्र्यापुढे. धान्य बंद करणारा धाकटासुद्धा तेच. रीत एकानंही मोडली नव्हती. प्रत्येकाला वाटायचं, आपलीच शेवटची.

सगळ्यांना एकदम झापावं म्हटलं तर सगळे एकदम घरात कधी असतात? एकेकाला गाठून सांगितलं, आजपासून एकच, तीही मी देणार. हे नुसते हसले. धाकट्यानं मान डोलावली. थोरला मात्र जोडे घालता घालता थांबला.

"बरं वाटायचं गं," तो म्हणाला, "जेवताना समोर कुणीतरी बसलेलं."

मला रडूच आलं. कुत्र्याचं पोट आता उतरलंय, अंगणात लोळतं. मेसला मी उशिरा जाते. थोरला जेवेपर्यंत त्याच्यासमोर बसते.