वादीतला डोह

आई खाडीकाठच्या गावची, पण पाण्याला भ्यायची. निदान मी तरी आजवर तसंच समजत होते. लहानपणी मी पोहायला शिकायचा हट्ट धरला की ती एवढंच म्हणायची, "पाण्याचं नाव काढायचं नाही."

त्यामुळे गेल्या हिवाळ्यात ती दुबईत, करामातल्या आमच्या घरी राहायला आली आणि नवऱ्याने फुजैराच्या डोंगरात वादीतून, म्हणजे तिथल्या ओढ्याच्या घळीतून, दिवसभर चालायचा बेत केला, तेव्हा मी तिला आधीच सांगितलं, "आई, ओढ्याच्या काठाकाठाने जायचंय. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?"

दोन्ही बाजूंना उघडेबोडके तांबूस कडे, मधे गोट्यांतून वाहणारं पाणी. सलवार-कमीज आणि नवे बूट घालून आई माझ्या मुलीच्याही पुढे चालत होती. दुपारी एका डोहाशी पोचलो. हिरवंगार पाणी, तळ दिसत नव्हता. सावलीत बसून मी थालीपिठं वाढायला घेतली. मान वर केली तर आई नव्हती.

काठावरच्या खडकावर तिचे बूट होते. एका बुटात चष्मा.

"आई!" मी ओरडले. कड्यांवरून माझाच आवाज परत आला. नवरा धावत गेला आणि गुडघाभर पाण्यात थांबला. पोहता आम्हा दोघांनाही येत नाही. "मम्मा, व्हेअर इज आज्जी?" मुलगी रडायलाच लागली. डोहावर साधा तरंग नव्हता.

मग पलीकडच्या कड्याखाली पाणी हललं आणि आईचं डोकं वर आलं. तिने तोंडावरून हात फिरवला, वळली आणि सावकाश, लांब लांब हात मारत आमच्याकडे यायला लागली.

ती काठाशी येताच मी विचारलं, "तुला पोहता येतं?"

"लग्नाआधी खाडी पार करायचे मी. भरतीलासुद्धा." तिला धापही लागली नव्हती. "पण या घरच्या सुना पाण्यात उतरत नाहीत, असं तुझ्या आजीने आल्या आल्याच बजावलं."

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांनी कधी विचारलं नाही."

"मग मला का नाही शिकवलंस?" माझा आवाज चढला होता.

ती वेणी पिळत राहिली. "तुलाही एक दिवस सोडावं लागलं असतं. ते फार जड जातं गं."

जिच्या कुशीत वाढले ती बाई कोण, हेच मला माहीत नव्हतं. नवऱ्याने आपलं जॅकेट पुढे केलं. "आई, यल्ला, निघूया. गारठाल."

तिने ते घेतलं नाही. पुन्हा कमरेइतक्या पाण्यात जाऊन तिने माझ्या मुलीला हाक मारली. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मला हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. शेवटी तीच बूट काढून गेली.

"अंग सैल सोड," आई तिच्या पाठीखाली हात धरून म्हणाली. "आकाशाकडे बघ."