ईश्वरप्पाची भाषाबंदी

नांदेडात भर उन्हाळ्यात गळ्यात टाय बांधून हिंडणारे लोक दोनच प्रकारचे. एक नवरदेव, दुसरे औषध कंपनीचे एमआर. ईश्वरप्पाचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी टाय सुटला नाही, म्हणून त्याला एमआर म्हणायचं. काळी बॅग मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर पेशंटांच्या मागं बसायचं, डॉक्टरनं बोलावलं की आत जाऊन कंपनीनं घोटून घेतलेलं इंग्रजी एका दमात ओकायचं आणि गॅसच्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवून बाहेर पडायचं, हा त्याचा धंदा. घोटलेलं संपलं की ईश्वरप्पाचं इंग्रजी संपतं. ही गोष्ट सगळ्या कॉलनीला ठाऊक. फक्त ईश्वरप्पाला नाही.

माणूस मूळचा देगलूरकडचा. घरात कन्नड, गल्लीत मराठी, बाजारात उर्दूमिश्रित हिंदी. शाळेत जायच्या आधीच गडी तिन्ही भाषांत शिव्या द्यायचा, आणि कुठली शिवी कुणाला द्यायची यात त्याची कधी गफलत झाली नाही. पण त्याला मुलगी झाली, तनुजा, आणि कुणीतरी मोबाइलवर पुढं ढकललेला एक मजकूर वाचून त्याच्या डोक्यात उजेड पडला. घरात दोन-तीन भाषा असल्या की लेकराचा मेंदू गोंधळतो, बोलणं लांबतं, असं त्यात होतं. कुणी लिहिलं, कशावरून लिहिलं, पत्ता नाही. ईश्वरप्पानं तेवढ्यावर फर्मान काढलं.

"आजपासून घरात ओन्ली इंग्लिश," आईला आणि बायकोला समोर बसवून त्यानं सांगितलं. "अव्वा, तू पोरीशी कन्नड बोलायचं न्हाई."

"मंग काय बोलू?" बसम्मानं विचारलं.

"इंग्लिश येत नसंल तर गप बसायचं."

बसम्मा लेकाला भिणारी बाई नव्हती, पण नातीच्या मेंदूच्या नावानं भ्याली. गप बसली. बायको उज्वला लातूरची, मराठी घेऊन एमए झालेली. माहेरी तिच्या तोंडाला पिठाच्या गिरणीचा पट्टा म्हणायचे. तिला इंग्रजी वाचता यायचं, पण लेकराला मांडीवर घेऊन लाडानं बडबडायचं इंग्रजी ती कुठून आणणार? कम, सीट, ईट, नो. एवढ्या चार खुंट्यांवर तिचं सगळं आईपण टांगलं गेलं.

ईश्वरप्पा स्वतः संध्याकाळी आला की लेकीला समोर उभी करून बोलायचा. बोलणार काय, तर पाठ होतं तेच. "गुड इव्हनिंग. धिस इज बनाना. व्हेरी इफेक्टिव्ह. ट्वाइस अ डे, आफ्टर फूड." अर्धापूरचं केळ मुठीत धरून पोरगी त्याच्याकडं डॉक्टर लोक बघतात तसंच बघायची. हा माणूस उठतो कधी, असं.

शेजारच्या भामाबाईला तर आधी वाटलं, या घरात कुणी वारलं-बिरलं की काय. "पहिलं तुमचं सासू-सुनंचं भांडण तरी ऐकू यायचं," ती एकदा भिंतीवरून म्हणाली. "आता नुसतं नो, नो. कुत्रं पाळलंय का गं उज्वला?"

तनुजा तीन वर्षांची झाली आणि बोलत नव्हती. बोट दाखवायची, पदर धरून ओढायची, कळलं नाही की रडायची. उज्वलाला घास उतरेना. ईश्वरप्पाला उतरत होता, कारण त्याला गुन्हेगार सापडला होता.

"अव्वा चोरून कन्नड बोलून राहिली पोरीशी. त्याच्यानंच झालं हे. रविवारी गावाकडं थोरल्या भावाकडं नेऊन सोडतो तिला."

"चोरून बोलल्या असत्या तर पोरगी चार शब्द बोलली नसती का?" उज्वला म्हणाली. "आधी डॉक्टरला दाखवा."

लेकरांच्या बोलण्यावर उपचार करणाऱ्या महामाया मॅडम मूळच्या भोकरच्या, दवाखाना नांदेडात. त्यांनी कान तपासले, पोरीशी खाली सतरंजीवर बसून खेळल्या, मग विचारलं, "हिच्याशी दिवसभर कोण बोलतं?"

ईश्वरप्पा सरसावून बसला आणि त्यानं घोटलेलं इंग्रजी सुरू केलं. मॅडमनी ऐकून घेतलं.

"म्हणजे कुणीच बोलत नाही," त्या म्हणाल्या. "कान चांगले आहेत, समजही आहे. घरात भाषा जास्त म्हणून बोलणं लांबत नाही, भाऊ. अलीकडचा अभ्यास बघा, किती देशांत झालाय. लेकरू थोडे शब्द या भाषेतले शिकतं, थोडे त्या. मोजताना सगळे मिळून मोजायचे. मिसळून बोलली तरी घाबरायचं नाही. तुम्ही भरल्या घरात लेकराला उपाशी ठेवलंय. आजीला कन्नड बोलू द्या, आईला मराठी. महिन्यानं आणा, फरक नसेल तर पुढच्या तपासण्या करू."

"थँक्यू फॉर युवर व्हॅल्युएबल टाइम, मॅडम," ईश्वरप्पा म्हणाला.

बाहेर आल्यावर त्यानं टाय सारखा केला. "भोकरची हाय ती. तिला काय इंटरनॅशनल कळतंय. आपण हैदराबादला दाखवू. अन् अव्वा रविवारी जाणार म्हणजे जाणार." देगलूरच्या शिवेवरच्या माणसानं भोकरला खेडं म्हणावं, आणि तेही टाय घालून.

रविवारी ऑटो दारात आला. बसम्मानं नातीच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, तोंडातून अक्षर काढलं नाही, आणि गाठोडं घेऊन आत बसली. तिच्या मागोमाग उज्वला आली. एका हातात बॅग, काखेत तनुजा.

"तू कुठं?"

"देगलूरला."

"व्हॉट नॉनसेन्स. स्पीक इन..."

"न्हाई बोलत," उज्वला म्हणाली. "पोरीशी कुणीतरी बोललं पाहिजे. घर तुमचं, इंग्लिश बी तुमची. बसा तुम्ही अन् घर दोघं बोलत." मग ऑटोवाल्याला, "चला हो मामा, स्टँडला."

ऑटो कोपऱ्यावर वळायच्या आधी तिचं तोंड सुरू झालं होतं. ते झाड बघ, ती गाय बघ, तो मोसंबीवाला बघ. पलीकडून बसम्मा कन्नडात तेच सांगत होती. मधे पोरगी एकदा हिच्या तोंडाकडं बघायची, एकदा तिच्या.

ईश्वरप्पानं कॉलनीत सांगितलं, मीच शिफ्ट केलं त्यांना, नॅचरल एन्व्हायर्नमेंटसाठी. "मंग जेवता काय?" भामाबाईनं विचारलं. "सँपलच्या गोळ्या?"

हैदराबाद राहिलंच. उज्वला मात्र पोरीला महिन्यानं मॅडमकडं घेऊन आली, परस्पर दाखवून परस्पर गेली. त्यानंतर काही महिन्यांनी ईश्वरप्पा एकदाचा गावाकडं गेला. ओसरीवर पोरगी आजीच्या मांडीला टेकून कन्नडात काहीतरी तावातावानं सांगत होती. टायवाला माणूस अंगणात दिसला तशी ती थांबली. नीट बघितलं. मग आत तोंड करून मराठीत ओरडली, "आई, पाव्हणे आले." आणि आजीकडं वळून कन्नडात, "अज्जी, नीरु कोडु." पाणी दे म्हणाली.

ईश्वरप्पानं पाणी घेतलं, बसून प्यायला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आला. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या पेशंटला सांगत होता, आमची बेबी दोन-दोन भाषा फाडफाड बोलते, ट्रेनिंग सगळं माझं.