हलकी

आमच्या गावी, सोनाळ्यात, माझ्या उंचीचं कौतुक कुणाला नव्हतं. पाहुणे आले की आई म्हणायची, "बसूनच राह्य." शिकायला पुण्याला गेले, तिथे नौकानयनाच्या सरांनी माझे पसरलेले हात टेपने मोजले आणि म्हणाले, "असा बांधा शोधून सापडत नाही." मी चक्क रडले. लांब हातांनी वल्हं दूरवर पोचतं आणि नावेला खरा रेटा मांड्या देतात, हे मग शिकले.

सरावात सर सारखे ओरडायचे, "हलकी हो, हलकी!" मला वाटलं, वजन. जन्मभर थोराड म्हणवून घेतलेल्या पोरीला दुसरं काय वाटणार? मी जेवण अर्ध्यावर आणलं. वजनकाट्यावरचा आकडा खाली येत होता, मी खूश. पण वल्हवण्याच्या सरावयंत्रावर तेवढंच अंतर कापायला रोज जास्त वेळ लागू लागला. सर म्हणाले, "रविवारच्या चाचणीत हेच झालं, तर तुझ्या जागी दुसरी मुलगी."

घाबरून घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी बाबा हजर. बैल पारखण्यात त्यांचा हातखंडा. मलाही त्यांनी तसंच न्याहाळलं.

"काऊन वं, जेवत नाही काय तू?"

"सरच म्हणतात, हलकी हो."

बाबा तडक सरांकडे गेले. "मास्तर, बैल ओढीले लावाचा अन् वैरण तोडाची, हे कोनती रीत हाय?"

सर आधी गोंधळले, मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, मी खांद्यांचं बोलतो! ही खांदे आवळून वल्हवते, ते सैल सोड म्हणतो. नुसती चरबी असती तर नावेला ओझं झालं असतं. हिचं वजन स्नायूंचं आहे, तेच नाव ओढतं."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. बाबा पोट धरून हसले. रविवारपर्यंत ते राहिले आणि रोज समोर बसून त्यांनी मला जेवू घातलं.

चाचणीत खांदे सोडले, पाय रेटले. वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं, त्यामुळे एकेक नाव मागे पडताना मी डोळ्यांनी पाहिली. मी पहिली आले. काठाला लागले तेव्हा कुणीतरी बाबांना विचारत होतं, "ही हरयाणाची का हो?"

"कायची हरयाना! माही पोरगी हाय," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माह्यावर गेली."

हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. ऊर भरून आला, आजही येतो.