बाहेरून आरसा

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी त्यांना रत्नागिरीच्या गावाहून भाईंदरला, जेसल पार्कमधल्या माझ्या फ्लॅटवर आणलं. फ्लॅटला छोटीशी उघडी गच्ची होती. सकाळी उन्हात तिथे त्यांची खुर्ची मांडायची. गावी पडवीत बसलं की वाटेने जाणारा प्रत्येक जण हाक मारूनच पुढे जायचा. इथे शेजारच्या दाराआड कोण राहतं ते मलाही धड ठाऊक नव्हतं.

तरी बाबांनी माणूस शोधलाच. समोरच्या बिल्डिंगमधले एक म्हातारे गृहस्थ सकाळी बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालायला यायचे. त्यांना मराठी येत नसावं, बाबांना हिंदी येत नव्हतं. एके दिवशी बाबांनी आपला चांगला, डावा हात वर केला. त्यांनीही केला. मग ते रोजचंच झालं. तेवढ्यासाठी बाबा सकाळीच माझ्याकडून दाढी करून घेऊन तयार बसायचे. "झाली का तुमची मीटिंग?" म्हणून मी चिडवायची.

धुळीला आणि कबुतरांना मात्र मी विटले होते. गच्चीला खिडक्या लावून उन्हाची खोली करायची ठरवली. भाईंदर पूर्वेच्या दुकानदाराने काचेचे तुकडे मांडले. "मॅडम, सादा काच मत लो, सामनेवाला पूरा घर देखेगा. ये मिररवाला लो. अंदर से सब दिखेगा, बाहर से कुछ नहीं."

मला ते एकदम पटलं. आमच्याकडे बिल्डिंगी इतक्या चिकटून की वर्षानुवर्षं मी पडदा ओढूनच भाकऱ्या थापल्या होत्या. बाबांनी एवढंच विचारलं, "माणसं दिसतील ना गो?"

"सगळी दिसतील," मी म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

खिडक्या छान बसल्या. सरकणारी काच जड होती, बाबांना एका हाताने ढकलवत नसे. आणि वारा लागेल म्हणून मी ती बंदच ठेवायची.

पंधरा दिवसांनी बाबा म्हणाले, "समोरचे हल्ली हात करत नाहीत. माझं काय चुकलं असेल गो?"

मी डब्याच्या घाईत होते. "तुमचं आपलं काहीतरीच!" म्हणून मोकळी झाले. बाबा तरीही रोज हात करत राहिले. पुढे पुढे दाढीचं नाव काढेनासे झाले. मला वाटलं, वय झालं.

सात महिन्यांनी बाबा गेले. दिवसकार्य उरकल्यावर डेअरीवर ते गृहस्थ भेटले. त्यांनी हात जोडले. "बेटी, आपके पिताजी का बहुत बुरा लगा. माफ करना, कहने में देर हो गई."

"आपको किसने बताया?"

"किसी ने नहीं. खिडकी लगी, उसके बाद दिखे ही नहीं. मैं समझ गया. तब से उधर देखा नहीं जाता. सिर झुकाके पानी डालता हूँ."

त्यांना खरं सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मी फक्त मान हलवली आणि दुधाची पिशवी घेऊन वर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या खुर्चीत बसले. ते आले. खाली बघत तुळशीला पाणी घातलं आणि आत गेले. काच सरकवायला माझा हात धजला नाही.